नाममुद्रा, धार आणि घडण : नागासोने कोतेत्सूच्या तलवारींच्या योग्यतेचा विचार

१

कलावस्तूची योग्यता ठरविताना तिच्या कर्त्याच्या नावास किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा अखेरीस आली म्हणजे अभंग तुकोबांचाच असे मानून चालत नाही, हे आपल्याकडील पाठचिकित्सेने पूर्वीच दाखवून दिले आहे. तथापि ज्या कलेत नाव शाईने लिहिलेले नसून पोलादावर छिन्नीने कोरलेले असते, त्या कलेत हा प्रश्न कोणते रूप धारण करतो, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. जपानी तलवार ही अशी कला आहे. आणि सतराव्या शतकातील एदो नगरीचा लोहार नागासोने कोतेत्सु हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सर्वांत सोयीचा, आणि म्हणूनच सर्वांत अवघड, असा नमुना आहे.

जपानी तलवारीच्या कर्त्याचे स्थान ठरविण्यास चार प्रकारचे पुरावे परंपरेने वापरले जातात. मुठीत बसणाऱ्या पात्याच्या भागावर कोरलेली नाममुद्रा हा पहिला. तलवारीच्या कापण्याच्या शक्तीची प्रत्यक्ष चाचणी हा दुसरा. पोलादाचा पोत, पाणी दिल्याने उमटलेली रेषा, पात्याचा बाक व टोक यांवरून होणारी घडणीची पारख हा तिसरा. आणि लोकांत रूढ झालेली कीर्ती हा चौथा. थोर कर्त्यांच्या बाबतीत हे चारही पुरावे एकमेकांस दुजोरा देतात अशी सर्वसाधारण समजूत असते. कोतेत्सूच्या बाबतीत मात्र ते परस्परांशी भांडतात. त्याची नाममुद्रा विपुल आढळते, परंतु बहुसंख्य ठिकाणी ती खोटी असते. चाचणीत त्याला अग्रस्थान मिळाले, परंतु त्या चाचणीची कसोटी तपासून पाहावी लागते. कीर्ती तर इतकी मोठी की तिनेच खोट्या तलवारींना जन्म दिला. मग त्याच्या योग्यतेचा आधार कोणता? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

२

कोतेत्सूचे मूळ नाव नागासोने ओकिसातो. नागासोने हे बिवा सरोवराकाठच्या ओमी प्रांतातील गाव. तेथील लोहारांचे घराणे चिलखते घडविण्याबद्दल प्रसिद्ध होते. पुढे हे घराणे एचिझेन प्रांतात, म्हणजे आजच्या फुकुई भागात, येऊन राहिले. ओकिसातोही चिलखते व शिरस्त्राणे घडवीत असे. एका पात्यावर त्याने स्वतःच असा मजकूर कोरला आहे की, आपण मूळचे एचिझेनचे रहिवासी असून शंभराच्या अर्ध्यावर पोहोचलो असता मुसाशी प्रांतातील एदो येथे वास करून लोहारकामाचे कौशल्य पणास लावीत आहोत. या मजकुरावरूनच त्याचा जन्म सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला असावा असे अनुमान केले जाते. त्याच्या कालनिर्देश असलेल्या तलवारी १६५६ च्या सुमारास सुरू होतात आणि १६७७ च्या सुमारास संपतात. त्याचा मृत्यू १६७८ साली झाला असे मानतात.

पन्नाशीच्या घरात आलेल्या कारागिराने पिढीजात धंदा सोडून दुसरा स्वीकारावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. तिचे स्पष्टीकरण देण्यासाठी एक दंतकथा रचली गेली. कागा प्रांतातील एका तलवारीच्या लोहारात आणि चिलखते घडविणाऱ्या ओकिसातोत स्पर्धा लागली. तलवार शिरस्त्राण कापते की शिरस्त्राण तलवारीस पुरून उरते हे पाहावयाचे ठरले. प्रहाराचा क्षण आला असता ओकिसातोने काही निमित्त काढून क्षणभर थांबविले व प्रतिस्पर्ध्याची एकाग्रता मोडली. शिरस्त्राण वाचले, पण आपण कौशल्याने नव्हे तर युक्तीने जिंकलो याची लाज वाटून त्याने तलवारी घडविण्याचा ध्यास घेतला, अशी ही कथा आहे. इतिहास म्हणून तिला किंमत नाही. परंतु तिच्यात दडलेली लोकांची समजूत लक्षात घेण्याजोगी आहे. कोतेत्सूची तलवार भेदक का, तर ज्याला पोलाद कसे अडविते हे ठाऊक होते त्याने ती घडविली, असे ही कथा सांगू पाहते.

ऐतिहासिक कारण याहून साधे आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास तोकुगावा राजवट स्थिरावली होती. युद्धे संपली होती. चिलखतांना गिऱ्हाईक उरले नव्हते. उलट तलवार ही सामुराई वर्गाची दररोजची ओळख होऊन बसली होती. प्रत्येक सामुराईस कमरेला दोन तलवारी बाळगणे आवश्यक होते. त्यातच १६५७ साली मेइरेकी काळातील महाभयंकर आगीत एदो शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. घरांबरोबर तलवारीही जळाल्या, आणि नव्या तलवारींची मागणी वाढली. कोतेत्सु नेमक्या याच वेळी एदोत होता. त्याच्या प्रतिभेचा उगम या घटनांत शोधणे चूक होईल; पण तिला वाव कोणी दिला हे त्यांवरून कळते.

३

कोतेत्सूच्या नाममुद्रेचा इतिहास हा त्याच्या अभ्यासाचा कणा होय. आरंभी तो आपले नागासोने ओकिसातो हेच नाव कोरीत असे. पुढे गृहस्थाश्रमात राहूनच त्याने संन्यस्ताचे नाव घेतले, ते ‘कोतेत्सु’. हे नाव त्याने प्रथम ज्या अक्षरांनी लिहिले त्यांचा अर्थ ‘जुने लोखंड’ असा होतो. नंतर उच्चार तोच ठेवून त्याने अक्षरे बदलली आणि ‘वाघ’ या अर्थाचे अक्षर योजिले. या ‘वाघा’च्या अक्षराचीही दोन रूपे आहेत. पहिल्या रूपात अक्षराचा अखेरचा फटकारा वर उसळी घेतो. दुसरे रूप चौकोनी, पेटीसारखे बंदिस्त आहे. पहिल्याकडून दुसऱ्याकडे तो १६६४ च्या सुमारास वळला, आणि हे दुसरे रूप अखेरपर्यंत टिकले.

हा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मोल फार आहे. अवघ्या वीस-बावीस वर्षांच्या कारकीर्दीत ज्याची सही क्रमाक्रमाने बदलत गेली, आणि ज्याने काही पात्यांवर कालही नोंदविला, अशा कर्त्याच्या कामाचा कालानुक्रम लावता येतो. एकदा तो लावला की घडणीतील बदलही त्याच क्रमाने मांडता येतात. ज्या काळात ‘वाघ’ उसळी घेतो त्या काळात पाण्याच्या रेषेत एक लहान व एक मोठे अशी वळणे जोडीने येतात. भोपळ्याच्या आकाराशी साम्य असल्याने जपानी पारखी तिला त्या फळाचे नाव देतात. चौकोनी अक्षराच्या काळात ही वळणे एकसारखी, गोलसर व दाट होत जातात. जपमाळेतील मण्यांवरून त्या रेषेला नाव मिळाले आहे. सारांश, नाममुद्रेचा बदल आणि घडणीचा बदल हे हातात हात घालून चालतात.

येथेच खोटेपणा ओळखण्याचे पहिले साधन हाती येते. नक्कल करणाराने चौकोनी अक्षराची सही हुबेहूब उतरवली, पण पाते मात्र भोपळ्यासारख्या वळणांचे घेतले, तर ती तलवार स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देते. नक्कल करणारा एका नमुन्याची नक्कल करतो. संपूर्ण कारकीर्दीची नक्कल त्याला साधत नाही. कर्त्याचे चरित्र त्याच्या हातात असते, सहीत नव्हे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

आता घडणीकडे वळू. जपानी तलवारीचे पोलाद वाळूमय लोहखनिज व लोणारी कोळसा यांच्यापासून मातीच्या भट्टीत तयार होते. ते पुनःपुन्हा दुमडून ठोकल्याने त्यातील मळ निघून जातो व पृष्ठावर लाकडाच्या रेषांसारखा पोत उमटतो. पाणी देण्यापूर्वी पात्यावर मातीचा लेप देतात. धारेकडे पातळ, पाठीकडे जाड. तापलेले पाते पाण्यात बुडविले की पातळ लेपाखालचे पोलाद एकाएकी थंड होऊन अतिशय कठीण बनते, आणि जाड लेपाखालचे त्या मानाने मऊ व चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर जी रेषा उमटते ती ‘हामोन’. तिच्यातील स्फटिक डोळ्यांस वेगवेगळे दिसण्याइतके मोठे असले तर त्यांस ‘निए’ म्हणतात. धुक्याप्रमाणे एकजीव दिसले तर ‘निओइ’.

कोतेत्सूच्या पात्याचा पहिला गुण म्हणजे पोलादाचा उजळपणा. पृष्ठाची घडण घट्ट व बारीक असून त्यावर स्फटिकांची दाट झाक पसरलेली असते. हामोनची सीमा स्वच्छ व तेजस्वी दिसते. ‘जुने लोखंड’ या नावाचा अर्थ येथे ध्यानी घ्यावा. जुने लोखंड पुन्हा गाळून, कमावून वापरण्याचे कौशल्य चिलखतांच्या धंद्यातून त्याच्याकडे आले असावे, असे मानले जाते. या नावात कारागिराचा दावा आहे. आपल्या कलेचे रहस्य आकारात नसून द्रव्याच्या संस्कारात आहे, असे तो सुचवितो. दुसरी खूण अशी की मुठीजवळच्या भागात कधीकधी इतर पृष्ठाहून वेगळे, काहीसे भरड पोलाद दृष्टीस पडते. काटेकोरपणे पाहता हा दोष आहे. पण तो इतका नेमाने आढळतो की पारखी त्याला ओळखीची खूण मानतात. तिसरा गुण कोरीवकामाचा. ड्रॅगन, दाइकोकु देवता इत्यादी आकृती तो पात्यावर स्वतः कोरीत असे. या कामातही त्याचा हात चिलखतांच्या धातुकामात तयार झाला होता हे उघड आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याच्या तलवारींचा बाक उथळ आहे. पाते मुठीकडून टोकाकडे बरेच अरुंद होत जाते. हा त्या काळातील, म्हणजे १६६१ ते १६७३ या कान्बुन पर्वातील, सर्वसाधारण घाट होय; बांबूच्या तलवारीने होणाऱ्या सरावात भोसकण्याच्या डावास आलेल्या महत्त्वाशी तो जोडला जातो. परंतु कारण काहीही असो, कामाकुरा काळातील पात्याच्या डौलदार बाकाशेजारी हा घाट काहीसा ताठर वाटतो. मण्यांसारखी एकसारखी रेषा सुंदर आहे खरी, पण तिच्यात अनपेक्षिताला फारसा वाव नाही. समकालीन ओसाका येथील त्सुदा सुकेहिरो याने उसळणाऱ्या लाटांसारखी रेषा निर्माण करून अलंकरणास नवे रूप दिले. ‘पूर्वेस कोतेत्सु, पश्चिमेस सुकेहिरो’ असे म्हणण्याचा प्रघात पडला तो या दोघांच्या जोडीवरूनच. या तुलनेत सुकेहिरो अधिक कल्पक ठरेल आणि कोतेत्सु अधिक सखोल. सुकेहिरोचे पाते पाहताना दृष्टी रेषेवर खिळते. कोतेत्सूचे पाते पाहताना ती रेषेखालच्या पोलादात शिरते.

५

कोतेत्सूच्या कीर्तीचा दुसरा आधार म्हणजे चाचणी. त्याच्या पुष्कळ पात्यांच्या मुठीतील भागावर सोने भरून एक अधिक मजकूर लिहिलेला असतो. यामानो काएमोन नागाहिसा किंवा त्याचा मुलगा यांनी या तलवारीने दोन देह, तीन देह, क्वचित चार देह एका प्रहारात कापले, अशी ती नोंद असते. हे देह देहदंड झालेल्या गुन्हेगारांचे असत. सोन्याच्या त्या सुबक अक्षरांत मृत माणसांची संख्या नोंदविलेली आहे, हे रसिकाने विसरता कामा नये. त्या माणसांची नावे कोठेही नाहीत. तलवारीचे नाव, लोहाराचे नाव आणि कापणाऱ्याचे नाव मात्र शेकडो वर्षे जपले गेले. सौंदर्याचा विचार करणाराने या विषमतेपुढे क्षणभर थांबणे हे त्याचे कर्तव्य आहे.

या चाचण्यांना पुढे शास्त्राचे रूप आले. १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काइहो केन्जाकु’ या ग्रंथात लोहारांचे कापण्याच्या शक्तीनुसार वर्ग पाडले आहेत; त्यामागे यामादा आसाएमोन घराण्यातील योशिमुत्सूचा अनुभव होता. हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तलवारींची चाचणी व देहदंडाची अंमलबजावणी करीत असे. १८३० साली योशिमुत्सूच्याच ‘कोकोन काजी बिको’ या ग्रंथात ही वर्गवारी अधिक विस्तृत झाली. सर्वोच्च वर्गात मोजकेच लोहार आहेत, आणि त्यांत कोतेत्सु व त्याचा शिष्य ओकिमासा या दोघांनाही स्थान मिळाले. दहा प्रहारांपैकी आठ-नऊ सफल होणे ही त्या वर्गाची सांगितली जाणारी कसोटी होय.

ही कसोटी वस्तुनिष्ठ भासते. तथापि तिच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. प्रहाराचे यश तलवारीवर जितके अवलंबून तितकेच कापणाऱ्याच्या हातावर, चाचणीसाठी बसविलेल्या मुठीवर, देहाच्या ठेवणीवर आणि निवडलेल्या जागेवर अवलंबून असते. शिवाय यामानो पितापुत्र कोतेत्सूचे समकालीन होते. चाचणी करणाराच्या नावाने लोहाराची किंमत वाढे आणि उत्तम तलवारीने चाचणी करणाराची. दोघांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते असे म्हटल्याने त्यांच्या प्रामाणिकपणावर दोष येत नाही. पण साक्षीदार तटस्थ नव्हता एवढे मात्र सिद्ध होते. याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, सर्वोच्च वर्गाच्या या यादीत मासामुनेचे नाव नाही. याचा अर्थ मासामुनेची तलवार बोथट होती असा नव्हे. दाइम्योंच्या खजिन्यात जपून ठेवलेली अमूल्य पाती कोणी चाचणीस देत नसे. तेव्हा या यादीत सर्व उत्तम तलवारींचा क्रम नाही, तर चाचणीस उपलब्ध झालेल्या तलवारींपैकी उत्तम कोणत्या, एवढेच तीवरून कळते. चाचणी कोतेत्सूच्या पात्याचा एक गुण सिद्ध करते, त्याचे स्थान नव्हे.

६

मासामुनेचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्याशी तुलना केल्याने आपला प्रश्न अधिक स्पष्ट होईल. गोरो न्यूदो मासामुने हा तेराव्या शतकाच्या अखेरीस व चौदाव्याच्या आरंभी सागामी प्रांतात होऊन गेला. त्याची सही असलेली पाती अगदी थोडी, आणि तीही बहुतेक लहान कट्यारी. ज्या लांब तलवारी त्याच्या म्हणून पूज्य मानल्या जातात त्यांतील बहुसंख्य निनावी आहेत. पुष्कळ पाती पुढील काळात मुठीकडून कापून आखूड करण्यात आली. त्यात मूळ सही असल्यास तीही गेली. ‘मासामुने’ हे नाव त्यांना पारख्यांनी दिले. हे पारखी म्हणजे होनामी घराणे. मूळचे हे तलवारींना पाणीदार झिलई देणारे शिकलगार. तोयोतोमी हिदेयोशीच्या काळापासून त्यांच्या पारखीस राजमान्यता मिळाली आणि घडी घातलेल्या कागदावर ते प्रमाणपत्रे देऊ लागले. १७१९ साली शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून होनामी कोचू याने नामांकित तलवारींची जी नोंद सिद्ध केली तीत मासामुनेच्या पात्यांना मानाचे स्थान आहे.

या सर्वाचा संशय येऊन १८९६ साली इमामुरा नागागा या जाणत्या पारख्याने ‘योमिउरि’ वृत्तपत्रातून असे प्रतिपादिले की, मासामुने हा थोर लोहार म्हणून कधी अस्तित्वातच नव्हता; त्याची कीर्ती हिदेयोशीच्या काळात रचली गेली. या मतावर मोठा वाद झाला. हिदेयोशीच्या पूर्वीच्या ग्रंथांतही मासामुनेचे नाव येते असे दाखवून विरोधकांनी हे मत खोडून काढले, आणि आज ते कोणी मानीत नाही. परंतु इमामुराने विचारलेला प्रश्न मेला नाही. ज्याच्या सहीची पाती नाममात्र आहेत, त्याची शैली आपण कशावरून ठरविली? आणि त्या शैलीवरून पुन्हा त्याची पाती कशी ओळखली? हे वर्तुळ पूर्णपणे भेदता येत नाही.

मासामुनेपाशी सही नाही म्हणून संशय, आणि कोतेत्सूपाशी सह्या फार म्हणून संशय. एकाच प्रश्नाची ही दोन टोके होत. तथापि दोहोंत एक मूलभूत भेद आहे. कोतेत्सूच्या निर्विवाद अस्सल पात्यांचा एक गाभा आहे. त्यांवर काल आहे, बदलत गेलेली अक्षरे आहेत, समकालीन चाचणीच्या नोंदी आहेत. तिन्ही पुरावे जेथे एकमेकांशी जुळतात तेथून आरंभ करून आपण शैलीचे नियम बांधू शकतो आणि मग शंकास्पद पात्यांकडे वळू शकतो. म्हणजे कोतेत्सूच्या बाबतीत वर्तुळ भेदता येते. म्हणूनच त्याच्या खोट्या तलवारींनी होणारी हानी केवळ व्यापाराची नाही. खोट्या सहीचे एखादे पाते त्या गाभ्यात शिरले तर त्यावरून बांधलेला नियम चुकतो, आणि चुकीच्या नियमाने अस्सल पाते बाहेर फेकले जाते. एक खोटी तलवार एका खरीला मारते.

७

‘कोतेत्सु दिसला की खोटा समजावा’ अशा अर्थाची म्हण तलवारींच्या जाणकारांत रूढ आहे. त्याच्या हयातीतच मागणी इतकी वाढली की बनावट लवकर सुरू झाली, आणि पुढील दोन शतके ती थांबली नाही. एकोणिसाव्या शतकातील होसोदा हेइजिरो नाओमित्सु, ऊर्फ काजिहेइ, हा या विद्येतील सर्वांत कुप्रसिद्ध कारागीर. तो स्वतः उत्तम परंपरेत शिकलेला लोहार होता. बनावट करणारा नेहमीच अडाणी नसतो. पुष्कळदा ज्याला स्वतःच्या नावाने भाव मिळत नाही असा कुशल माणूस तो असतो.

या संदर्भात कोंदो इसामीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. शिन्सेन्गुमी या सशस्त्र पथकाचा हा नायक १८६४ साली क्योतो येथील इकेदाया खाणावळीवर घातलेल्या छाप्यात प्रत्यक्ष लढला. लढाईनंतर दत्तक पित्यास लिहिलेल्या पत्रात, सहकाऱ्यांच्या तलवारींचे नुकसान झाले असता आपली मात्र शाबूत राहिली, ती कदाचित कोतेत्सूची असल्यामुळेच, अशा आशयाचा उल्लेख त्याने केला आहे. ती तलवार अस्सल होती काय? पुष्कळांचे मत ती खोटी होती असे आहे. १८५४ साली निधन पावलेल्या मिनामोतो कियोमारो या थोर लोहाराच्या पात्यावर कोतेत्सूची सही चढविली होती, असाही एक प्रवाद आहे. आज ते पाते निर्विवादपणे ओळखून पुढे ठेवता येत नाही. तेव्हा निर्णय शक्य नाही. परंतु प्रवाद खरा मानून चालल्यास त्यातून निघणारा प्रश्न मोठा मार्मिक आहे. पाते लढाईत टिकले ही गोष्ट खरी. त्याचे श्रेय मात्र गेले भलत्याच कर्त्याकडे. खोट्या सहीने विकत घेणारा फसला असे आपण म्हणतो. पण येथे घेणाराची फसवणूक झालीच नाही, कारण त्याला हवे ते पाते मिळाले. फसवणूक झाली ती ज्याच्या हाताने ते घडले त्याची. बनावट सही जितकी थोर नावाची चोरी आहे तितकीच ती अनाम किंवा अल्पख्यात कर्त्याच्या श्रमाचीही चोरी आहे. कोतेत्सूविषयीच्या चर्चेत ही दुसरी चोरी सहसा कोणी मोजीत नाही.

८

विसाव्या शतकात तलवारीचा अर्थच बदलला. १९४५ च्या पराभवानंतर शस्त्रे जमा करण्यात आली. अगणित तलवारी नष्ट झाल्या. होन्मा जुन्जी प्रभृती जाणकारांच्या प्रयत्नांमुळे कलावस्तू म्हणून मूल्य असलेल्या तलवारी राखण्याची मुभा मिळाली, आणि १९४८ साली जपानी कलातलवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली. तेव्हापासून तलवारीच्या अस्तित्वाचा कायदेशीर आधार तिची धार हा नसून तिचे सौंदर्य हा आहे. चाचणीचा पुरावा इतिहासजमा झाला; नाममुद्रा व घडण हेच दोन पुरावे उरले. या नव्या व्यवस्थेत ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून घोषित झालेल्या तलवारींत एदो काळातील लोहाराचे एकही पाते नाही. १५९६ पूर्वीच्या ‘जुन्या तलवारी’ श्रेष्ठ आणि त्यानंतरच्या ‘नव्या’ दुय्यम, हा क्रम दृढ झाला आहे. (या ‘नव्या तलवारीं’ना जपानी भाषेत ‘शिन्तो’ म्हणतात, त्याच उच्चाराच्या धर्माशी त्याचा संबंध नाही.) म्हणजे कोतेत्सु आपल्या वर्गात पहिला, परंतु वर्गच दुसरा, अशी त्याची स्थिती आहे.

हे स्थान न्याय्य आहे काय? पात्याचा डौल व रेषेतील वैविध्य ही कसोटी मानल्यास होय. परंतु द्रव्यावरील प्रभुत्व ही कसोटी मानल्यास क्रम इतका निश्चित राहत नाही. उतारवयात धंदा बदलून, कोणत्याही जुन्या तलवारघराण्याचा वारसा नसताना, दोन दशकांत ज्याने पोलादाच्या उजळपणात जुन्या आचार्यांशी तुलना व्हावी इतकी मजल मारली, त्याला केवळ काळाच्या रेषेवरून दुय्यम ठरविणे हा चिकित्सेचा आळस होय.

आजच्या प्रमाणपत्रांच्या पद्धतीतही एक धोका आहे. बनावट सही असलेल्या पात्यास प्रमाणपत्र मिळत नाही. हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे मालक ती सही कानशीने घासून काढतात, आणि निनावी झालेले पाते पुन्हा परीक्षेस ठेवतात. खोटे नाव गेले, याबद्दल समाधान मानावे काय? खोट्या नाममुद्रेलाही इतिहास असतो. ती कोणत्या काळी, कोणत्या हाताने, कोणत्या नमुन्यावरून कोरली गेली, हे तपासल्यास बनावटीच्या धंद्याचा आणि त्या त्या काळच्या अभिरुचीचा इतिहास लिहिता येतो. प्रक्षिप्त म्हणून ठरलेली ओवी संपादक पोथीतून खरवडून काढीत नाही. तो ती तळटीपेत ठेवतो. पोलादाच्या बाबतीत तळटीपेची सोय नाही हे खरे. पण घासण्यापूर्वी ठसा घेऊन ठेवण्याची सोय निश्चितच आहे.

९

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कोतेत्सूच्या योग्यतेचा अंतिम आधार त्याची घडण हा होय. परंतु घडण ही एकटी बोलत नाही. कालनिर्देशयुक्त नाममुद्रांनी तिला क्रम दिला, समकालीन चाचणीच्या नोंदींनी तिला साक्ष दिली, आणि या तिहींच्या मिलाफातून अस्सल पात्यांचा जो गाभा सिद्ध होतो त्यावरच त्याचे स्थान उभे आहे. कीर्तीचा वाटा या सिद्धीत नाही. उलट कीर्तीने ती अवघड केली. म्हणून पाते हाती घेणाराने दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. हे पाते कोणाचे, हा पहिला. आणि हे पाते कसे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इतिहासाने द्यावयाचे, दुसऱ्याचे दृष्टीने. पहिल्याचे उत्तर ‘कोतेत्सूचे नव्हे’ असे आले तरी दुसरा प्रश्न संपत नाही. आणि पहिल्याचे उत्तर ‘कोतेत्सूचेच’ असे आले तरी दुसऱ्यातून सुटका होत नाही, कारण थोर कारागिराच्या हातूनही सामान्य काम होते. ‘जुने लोखंड’ हे नाव धारण करणाऱ्या लोहाराची परीक्षा त्याने स्वतः सुचविलेल्या मार्गानेच करावी: अक्षरे वाचून झाल्यावर पाते उजेडाकडे वळवावे आणि पोलाद पाहावे.